गाळलेल्या 'बाय'ची कैफियत

मी 'बाय' बोलतोय. हात हलवून म्हणतात तो नव्हे, तो नुसता माझा नावबंधू. मी इंग्रजी कर्मणी प्रयोगातला, पॅसिव्ह व्हॉइसमधला 'बाय'. मराठीत माझं काम 'कडून' करतो.

'द कॅट एट द फिश' हे वाक्य उलटवलं की मासा पुढे येतो: 'द फिश वॉज ईटन बाय द कॅट'. मांजर सटकायला बघते. मी कान धरून तिला वाक्याच्या शेवटी उभी करतो. म्हणून तर लोकांच्या डोळ्यांत खुपतो!

मी एका शाळेत राबलो. तिथल्या इंग्रजीच्या बाई बजावायच्या, "करणारा ठाऊक नसेल, तर 'बाय' खुशाल गाळा. ठाऊक असून लपवायला गाळलात, तर मार्क कापीन!" एवढा मान मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

एकदा हेडसर पाहुण्यांपुढे मिरवायच्या भाषणाची तालीम करत होते. हातवारे करता करता नवा प्रोजेक्टर धाडकन खाली! बाईंनी डोळ्यांनी पाहिलं. आळ मात्र शिपाईमामांवर आला, नोकरीवरच बेतलं.

हेडसर बाईंना म्हणाले, "वर इंग्रजीत कळवायचंय. 'द प्रोजेक्टर वॉज ब्रोकन' एवढंच लिहा. काय समजायचं ते समजतील."

"आणि कोणी पाडला ते, सर?"

"पॅसिव्हमध्ये करणारा लागत नाही हो बाई. तुम्हीच शिकवता ना?"

वा रे अभ्यास! सोयीपुरतं व्याकरण सगळ्यांनाच पाठ असतं.

बाईंनी आधी तेवढंच लिहिलं. मग त्यांनी पूर्णविराम खोडला, मला लिहिलं, माझ्यापुढे हेडसरांना बसवलं आणि कागद परस्पर धाडून दिला. शिपाईमामा वाचले.

लवकरच मराठीत हुकूम आला: 'बाईंची बदली करण्यात आली आहे.' करण्यात आली म्हणे! कोणाकडून? बिचाऱ्या 'कडून'लाही गिळलं मेल्यांनी.

बाई निघाल्या तेव्हा पोरं फाटकापाशी हात हलवत ओरडली, "बाय, बाई!" शिपाईमामांनी त्यांची पिशवी उचलली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. माझा मात्र संताप झाला. हुकुमात हवा होतो मी, आणि फाटकापाशी नाचत होता माझा नावबंधू!

बाबांनो, 'चूक झाली', 'ठरवण्यात आलं' असं कोणी साळसूदपणे म्हणालं, की एवढंच विचारा: कोणाकडून?

माझं म्हणाल, तर बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात मला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. काल तिथून मी पुसला गेलो.

हेडसरांकडून.