तुरटीनेही न थांबलेले रक्त

मी एक जुना वस्तरा आहे, मित्रांनो. पोलादी पाते आणि शिंगाची मूठ घेऊन मी न्हाव्याच्या दुकानात आलो. मालक मला रोज चामड्याच्या पट्ट्यावर परजायचा. "लोण्यासारखा फिरतो!" गिऱ्हाइके म्हणायची आणि मी फुशारून जायचो.

शिंपीकाका तीस वर्षे आमच्याकडेच दाढी करत. एका सकाळी त्यांच्या हनुवटीखाली मी जरासा लागलो. मालकाने तुरटी फिरवली. एरवी मिनिटात थांबणारे रक्त थांबेना. टॉवेल लाल झाला. शेजारच्याच घरातून त्यांची बायको, आमच्या काकू, धावत आल्या.

"हात थरथरतो तुमचा आता! दुकान बंद करा," त्या कडाडल्या.

मालक ओशाळला. पण त्याला काकांचे पिवळे डोळे दिसले, दंडावरचे काळेनिळे डाग दिसले.

"काका, हिरड्यांतून रक्त येतं?"

"येतं की, दात घासताना. त्यात काय एवढं?"

"उठा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

घाईत त्याने मला खिशात टाकले, म्हणून पुढचे मी ऐकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जखम साधीच आहे. पण यकृत निबर झालंय. रक्त गोठवणारे पदार्थ तिथंच तयार होतात, तेच कमी पडतायत."

"अहो, हे तर दारूच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत!" काकू रडू लागल्या.

"जुन्या काविळीनंही होतं. काही काविळी रक्तातून पसरतात. सुईतून, वस्तऱ्यातून. वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही."

खिशात माझ्याभोवती मालकाची मूठ घट्ट आवळली गेली.

तो काकांच्या खाटेजवळ गेला. "काका, पूर्वी मी एकाच वस्तऱ्यानं सगळ्यांची दाढी करायचो. नुसता पाण्यात बुडवून पुसायचो."

काका म्हणाले, "तुला तरी काय ठाऊक होतं रे तेव्हा?"

काकूंनी मात्र तोंड फिरवले.

यकृत पूर्ववत झाले नाही. पुढे काकांना रक्ताची उलटी झाली. त्यातून ते कसेबसे वाचले. मालक आता त्यांच्या घरी जाऊन मशीनने दाढी बारीक करतो. काकू दार उघडतात आणि आत निघून जातात.

मी खणात पडून आहे. ते माझ्यामुळेच झाले का, हे कुणीच सांगू शकत नाही. मलाही ठाऊक नाही. हे न कळणे मला गंजापेक्षा जास्त खाते.

मित्रांनो, दुसऱ्याचे पाते कधी वापरू नका. न्हाव्याला नवे पाते तुमच्यासमोर उघडायला सांगा, संकोच करू नका. माझ्या धारेचे कौतुक करणारे पुष्कळ भेटले. "थांब, आधी वस्तरा बदल," असे म्हणणारा एकही भेटला नाही.