क्रमांक दाराकडे

मित्रांनो, मी एक जुनी पाणसळ आहे, आणि मी सलग अकरा वर्षं खोटं बोलत होते. हे सांगताना अजून माझा बुडबुडा थरथरतो. मी! जिने आयुष्यभर दुसऱ्यांचा तिरकेपणा काढला, ती मी!

आधी ओळख करून देते. वीतभर लांबीची लाकडी पट्टी, तिच्यात बसवलेली काचेची बारीक नळी, नळीत हिरवट स्पिरिट आणि त्यात एक बुडबुडा, एवढाच माझा संसार. मला कशावरही ठेवा. जागा सपाट असेल तर बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध थांबतो. एक बाजू जरा जरी वर असेल तर तो तिकडे पळतो. गवंडी मला लेव्हल म्हणतात. काम एवढंसं, पण माझा तोरा म्हणाल तर विचारू नका.

एका लहान कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. नळी बसवली, दोन स्क्रू पिळले आणि मला जाड काचेवर ठेवून बुडबुडा पाहिला. मग त्याने मला उचललं, उजवं टोक डावीकडे आणि डावं उजवीकडे केलं आणि पुन्हा पाहिलं. बुडबुडा मधोमधच होता. त्याची बायको डबा घेऊन आली होती. तो तिला म्हणाला, "बघ, उलटी ठेवली तरी तेच बोलते, म्हणजे ही खरी."

"माणसंही अशी फिरवून बघता आली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि तिने डबा उघडला.

ते शब्द मी कोरून ठेवायला हवे होते. पण तरुणपणी कोण ऐकतं हो!

तिथून मी आले एका मोठ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत. तिथली माणसं गणित करायची, पण कशाचं? वाहण्याचं! मध सांडला की आधी भरभर पसरतो, मग हळू होतो, मग आणखी हळू. किती हळू, याचं त्यांच्याकडे समीकरण होतं. ते ताडून बघायला सहा मीटर लांब काचेची एक पन्हळ होती. तिच्या एका टोकाला घट्ट द्रव ओतायचा आणि तो दुसऱ्या टोकाकडे कसा सरकतो ते मोजत बसायचं. पन्हळ अगदी सपाट हवी, आणि ती सपाट आहे की नाही हे सांगायचं काम माझं. एवढी शिकलेली माणसं माझ्यावर वाकून श्वास रोखायची. मी फुगले नसते तरच नवल.

आता त्या दिवसाचं सांगते. तिथले प्रमुख, सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत, तेव्हा नवे आणि उत्साही होते. फळ्यावर काही समजावताना त्यांनी छडीसारखं मलाच हातात घेतलं होतं. ते हातवारे करत असताना मी त्यांच्या हातून सुटले आणि टक्कन फरशीवर आदळले. सरांनी धावत येऊन मला उचललं, रुमालाने पुसलं, काच उजेडात धरली. "वाचली!" ते म्हणाले. मलाही वाटलं, वाचले. माझा एक स्क्रू केसभर सरकला होता, हे ना त्यांना कळलं, ना मला.

त्याच दुपारी त्यांनी मला पन्हळीवर ठेवलं आणि तिच्या पायांचे स्क्रू फिरवत बसले. बुडबुडा मधोमध आला तेव्हा त्यांनी हात झाडले. वर माझ्या एका टोकाला क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली आणि भिंतीवर पाटी लावली: 'पाणसळ ठेवताना क्रमांक नेहमी दाराकडे.' सर शिस्तीचे भोक्ते. दर वेळी सगळं एकाच पद्धतीने झालं पाहिजे, म्हणजे चूक होणार नाही, असं त्यांचं म्हणणं. अकरा वर्षं ती पाटी सगळ्यांनी पाळली. दर तीन महिन्यांनी कुणीतरी मला ठेवायचं, क्रमांक दाराकडे, आणि वहीत लिहायचं: 'पन्हळ सपाट.'

आणि मग तो चमत्कार! समीकरण म्हणत होतं की शेवटच्या दोन मीटरमध्ये द्रव जवळजवळ रांगेल. आमच्या पन्हळीत तो रांगत नव्हता, चालत होता. सर हरखले. यामागे निसर्गाचा कुणालाच ठाऊक नसलेला नियम आहे, असं त्यांनी लिहिलं. त्याला 'सरांचा परिणाम' असं नाव पडलं. दूरदूरच्या परिषदांमध्ये त्यावर भाषणं झाली. दुसऱ्या प्रयोगशाळांना तो दिसत नसे, तर सर हसून म्हणत, "तुमची पन्हळ आखूड आहे." भाषणाच्या पहिल्या चित्रात मी असायचे आणि खाली लिहिलेलं असायचं, 'आमची काटेकोर पाणसळ.' कप्पाळ माझं! मी ते वाचून सुखावत होते.

दोन वर्षांपूर्वी तिथे एक मुलगी आली. किडकिडीत आणि टोकदार प्रश्न विचारणारी, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. आठ वर्षांत चार गावं, चार भाड्याच्या खोल्या, आणि प्रत्येक नोकरी वर्षा-दोन वर्षांची. फोनवर तिची आई दर वेळी एकच विचारायची, "या खेपेला तरी कायमचं आहे का गं?" टाचणी म्हणायची, "बघू गं आई." मग फोन ठेवून थोडा वेळ पन्हळीच्या काचेवर कपाळ टेकून उभी राहायची.

सरांच्या परिणामामागचं गणित शोधणं हे तिचं काम. ते काही केल्या सापडेना. आलेखावर तिची रेघ खाली, प्रयोगाचे ठिपके वर. शेवटी सर म्हणाले, "समीकरणात एक पद जोडून बघ." तिने जोडलं. रेघ ठिपक्यांवर बसली, पण ती कुरकुरत राहिली, "हे पद आलं कुठून पण?"

याच सुमारास सरांच्या परिणामावर पुढचं संशोधन करायला एक कायमची जागा निघाली. निवड समिती आमच्याच संस्थेत भरणाऱ्या परिषदेला येणार होती आणि टाचणीचं भाषण ऐकून ठरवणार होती. तिची मुदत महिनाअखेरीला संपत होती. ही जागा हुकली तर पाचवं गाव, किंवा थेट परत घर.

परिषदेच्या आदल्या दिवशी सकाळी एक गवंडीकाका आले. पाहुणे प्रयोगशाळा बघायला येणार आणि दाराजवळच्या चार फरश्या उचलल्या गेलेल्या, म्हणून त्यांना धाडलं होतं. त्यांची लेव्हल घरी राहिली होती. "ताई, तुमच्याकडे असेल तर द्या जरा," ते म्हणाले. टाचणीने मला दिलं आणि सवयीने म्हणाली, "क्रमांक दाराकडे ठेवा हं काका."

"दाराकडे? ते का?"

"तशी पाटीच आहे."

काका हसले. "अहो, लेव्हलला कसली दिशा? कुठूनही ठेवा, बोलायला तेच पाहिजे." त्यांनी मला फरशीवर ठेवलं, मग सहज टोकांची अदलाबदल करून पुन्हा ठेवलं. माझा बुडबुडा धावत सुटला आणि पार रेघेबाहेर जाऊन थांबला.

"आं?" काकांनी मला पुन्हा फिरवलं आणि पुन्हा पाहिलं. "ताई, ही खोटारडी आहे हो!"

खोटारडी! मला! मित्रांनो, मी लाकडाची नसते तर तिथेच फुटले असते. आधी मला काकांचाच राग आला. मग म्हाताऱ्या कारागिराचे शब्द आठवले आणि पाठोपाठ तो टक् असा आवाज आठवला. माझ्या अंगातला जीवच गेला.

टाचणीने मला काकांच्या हातून अक्षरशः हिसकावून घेतलं. पन्हळीवर ठेवलं, क्रमांक दाराकडे. बुडबुडा मधोमध. मग तिने मला फिरवलं, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच माझा क्रमांक खिडकीकडे झाला. बुडबुडा पळाला.

ती मटकन खालीच बसली. बसल्या बसल्या तिने हिशेब केला. सहा मीटरमध्ये तीन मिलिमीटर उतार. एकावर एक ठेवलेल्या दोन नाण्यांएवढा! पण द्रवाचा थर शेवटी स्वतःच तेवढा पातळ होतो, त्याला तेवढा उतार पुष्कळ झाला. तिने जोडलेलं पद खोडलं, जुन्या समीकरणात तो उतार घातला आणि रेघ काढली. सगळ्या ठिपक्यांमधून गेली, एकही सुटला नाही. नवा नियम बियम काही नव्हता. द्रव उताराने खाली जात होता, बस्स.

"आलं की बरोबर!" काका म्हणाले.

ती मात्र तोंडावर हात धरून बसली होती. परिणामच नाही, तर परिणामावरची जागा कुठून असणार? तिने आपल्या हाताने आपली नोकरी खोडली होती.

ती मला घेऊन सरांच्या खोलीत गेली आणि त्यांच्या टेबलावर मला दोनदा ठेवून दाखवलं. सरांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

"उद्या तुझं भाषण आहे," ते म्हणाले. "छापून गेलंय तेच दे. हे मी नंतर बघतो."

"पण सर, हे खोटं आहे."

"आणि ती जागा? ती गेली तर काय करशील?"

सरांनी मला उचललं आणि खणात टाकलं. खण बंद झाला. अंधारात मी एकटीच. सरांचा मला राग आला नाही, कारण खोटं पहिल्यांदा मी बोलले होते. लाज मात्र इतकी वाटली की सांगता सोय नाही.

सकाळी खण उघडला. सरांनी मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, फिरवलं. टेबलावर ठेवलं, फिरवलं. मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात मला सरकवलं, का ते मला कळेना. लपवायला असेल, असंच मला वाटलं.

सभागृह गच्च भरलं होतं. सर पहिल्या रांगेत बसले होते आणि मी त्यांच्या खिशात. टाचणीचा आवाज आला.

"माझ्या भाषणाचं छापलेलं शीर्षक चुकीचं आहे," ती म्हणाली. "सरांचा परिणाम अस्तित्वात नाही. आमची पन्हळ तिरकी आहे."

सभागृहात कुजबुज उठली. कुणाची तरी पेन्सिल खाली पडून घरंगळत गेली. मागून एकजण ओरडला, "पुरावा काय?" निवड समितीच्या अध्यक्षबाईंनीही तेच विचारलं, पण शांतपणे.

"एक पाणसळ आहे," टाचणी म्हणाली. "पण आत्ता ती माझ्याजवळ नाही."

हशा पिकला. मित्रांनो, सरांचं काळीज माझ्या लाकडावर धाडधाड आपटत होतं. मी मनात ओरडत होते, काढा मला, अहो काढा ना! अकरा वर्षांत एकदा तरी मला खरं बोलू द्या!

सर उठले. "माझ्याजवळ आहे," ते म्हणाले.

सर मंचावर गेले आणि कोटातून मला काढून टेबलावर ठेवलं. वरच्या कॅमेऱ्याने माझा बुडबुडा भिंतीएवढा मोठा दाखवला. सरांनी मला फिरवलं. बुडबुडा सगळ्यांच्या देखत पळाला.

"अकरा वर्षांपूर्वी ही माझ्या हातून पडली," सर म्हणाले. "ती पाटीही मीच लावली. आणि काल या मुलीला गप्प बसायलाही मीच सांगितलं." ते टाचणीकडे वळले. "मला माफ कर. आता पुढे बोल."

ती बोलली. वेळ संपल्याची घंटा वाजवायची कुणाला आठवणच राहिली नाही.

ती जागा रद्द झाली. लगेच, त्याच संध्याकाळी. टाचणीने आईला फोन केला, "नाही गं झालं," एवढंच म्हणाली आणि मग खूप रडली. खरं बोललं की लगेच बक्षीस मिळतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. आता पुन्हा खोटं बोलायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

गवंडीकाकांनी फरश्या संपवल्या आणि जाता जाता माझा स्क्रूही पिळून दिला. सरांनी पाटी स्वतःच्या हाताने उतरवली. परिणाम मागे घेतल्याचं पत्र त्यांनी सगळीकडे धाडलं आणि खाली टाचणीचं नाव आपल्या नावाच्या आधी घातलं.

महिनाअखेरीला ती किल्ल्या परत करायला आली, तेव्हा टेबलावर तिच्या नावाने पाकीट होतं. अध्यक्षबाईंनी लिहिलं होतं, 'आमच्या प्रयोगशाळेत एक संख्या नऊ वर्षं जुळत नाही. कारण कुणालाच सापडलेलं नाही. दोन वर्षांचं काम आहे, कायमचं नाही. याल का? येताना ती पाणसळ घेऊन या.'

सरांनी मला रुमालात गुंडाळून तिच्या पिशवीत ठेवलं. तोच रुमाल.

तर मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आमची काळजी घ्या, म्हणजे आम्हाला नुसतं पुसून कपाटात ठेवू नका. आमच्यावर विश्वास ठेवा, पण अधूनमधून आम्हाला फिरवूनही बघा. पडलो तर 'वाचली' म्हणून सोडून देऊ नका. आम्हाला राग येत नाही. आला तरी येऊ द्या.

पाचव्या गावात पहिल्याच दिवशी टाचणीने मला त्यांच्या लांबलचक टाकीवर ठेवलं. सगळे भोवती वाकले. तिने मला उचलून फिरवलं आणि पुन्हा ठेवलं. या खेपेला मी दोन्ही वेळा एकच बोलले. टाकी तिरकी होती.