डीजे वीरचं रेक्झिनचं जाकीट

कुंडल गावात डीजे आणला तो वीरधवलनं. सत्त्याण्णव साली तो पुण्याला मावसभावाकडं गेला होता, तिथं कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये त्यानं एक माणूस पाहिला. कानावर हेडफोन, अंगात काळं चमचमतं जाकीट, एक हात बटणांवर आणि दुसरा हवेत. तो गात नव्हता, काही वाजवत नव्हता, धड नाचतही नव्हता, आणि तरी तीनशे पोरं त्याच्या बोटावर उड्या मारत होती. वीरधवल घरी परतला तो डोक्यात हे खूळ घेऊनच. आठवड्याभरात त्यानं आपलं नाव 'डीजे वीर' ठेवलं आणि उसाच्या ट्रॉलीवर ते पांढऱ्या रंगात लिहूनही काढलं.

सामान म्हणाल तर दोन टेप, एक ॲम्प्लिफायर, एक माइक आणि कपाटाएवढे चार स्पीकर. पण डोकं मोठं होतं. दुपारभर तो ओसरीवर बसून कॅसेटमध्ये पेन्सिल घालून फिरवत असायचा, कारण एका गाण्याचा ठेका जिथं संपतो तिथंच दुसऱ्याचा सुरू व्हायला हवा असं त्याचं म्हणणं. "गाणं लावतो तो टेपवाला," तो सांगायचा, "आन् गाण्याला गाणं जोडतो तो डीजे. ही कला हाय."

"मोळी बांधणारा बी उसाला ऊस जोडतो," त्याचे वडील नाथाजी, म्हणजे घरातले आबा, म्हणायचे. "त्याला कुणी कलाकार म्हणत न्हाई."

नाथाजींना बोलायचा अधिकार होता. सतरा वर्षं ते पलटणीच्या बँडमध्ये ड्रम वाजवत होते. बारा वर्षांपूर्वी हवालदार होऊन घरी आले, ड्रम मात्र पलटणीतच राहिला. तेव्हापासून त्यांची बोटं रिकामी बसत नसत. जेवताना ताट, बसमध्ये समोरच्या सीटची पाठ, सोसायटीच्या मीटिंगला चेअरमनचं टेबल, जे हाताला लागेल त्यावर टरर्र टप टप चालायचं. वीरधवलची आई बनुबाई मुकाट्यानं ताट ओढून घ्यायची. "मी वाजवलं की पाचशे माणसं एकदम पाय उचलायची," नाथाजी मुलाला ऐकवायचे. "तू बटण दाबतूस. बटण तर गिरणीवाला बी दाबतो."

हे रोजचं भांडण अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात एका अटीवर येऊन थांबलं. साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकुनाची जागा निघाली होती आणि नाथाजींनी ओळखी काढून ती मुलासाठी पक्की केली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. रविवारी मात्र वीरधवलची आतापर्यंतची सगळ्यात मोठी सुपारी होती. पलूसच्या लालासाहेबांच्या मुलीचं, संयोगिताचं लग्न, नवरदेव साताऱ्याकडचा फौजी, कार्यालय सांगलीत विश्रामबागला.

"हे बग," नाथाजी म्हणाले, "मंडपात माइकवरनं नाव पुकारून ज्याला फेटा बांधत्यात, तो मानाचा माणूस. रविवारी तुजं नाव पुकारलं तर कलाकार म्हणून मान्य. कारखान्यात मी सवता जाऊन न्हाई म्हणून सांगतो. न्हाई पुकारलं तर सोमवारी डबा घिऊन काट्यावर बसायचं. हाय का कबूल?"

"कबूल," वीरधवल म्हणाला खरा. काट्यावर एकदा बसलेला माणूस रिटायर होऊनच उठतो, हे त्यानं मामाच्या बाबतीत पाहिलं होतं.

आता नाव पुकारायचं म्हणजे आधी लोकांच्या डोळ्यात भरायला हवं. डीजे आधी दिसतो, मग ऐकू येतो, हे वीरधवलचं ठाम मत होतं आणि इथंच त्याला जाकीट आठवलं. चामडं परवडणारं नव्हतं, म्हणून रेक्झिन आणलं. पण पलूसचा एकही शिंपी त्याला सुई लावायला तयार होईना. शेवटी अर्जुनानं, म्हणजे त्याच्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं, तोडगा काढला. ट्रॅक्टरच्या आणि जीपच्या सीटा शिवणारा दादासो होता ना!

दादासोनं माप घेतलं, चित्र पाहिलं, "काय काळजी करू नका, धा वर्सं हलत न्हाई," म्हणाला आणि शनिवारी संध्याकाळी जाकीट हातात दिलं. ते जड होतं. हातानं दाबलं की दबायचं आणि सोडलं की हळूच फुगायचं. दादासोनं जन्मभराच्या सवयीनं आत दीड इंची फोम भरला होता, वर चौकोनी शिलाई मारली होती, कडेला लाल पायपिंग लावलं होतं आणि खाली सीटच्या दांड्याला बांधायच्या दोन नाड्याही सोडल्या होत्या.

"आरं, ह्यात फोम कशाला?" वीरधवल ओरडला.

"मग टेकल्यावर पाठीला लागंल की," दादासो म्हणाला. त्यालाच नवल वाटलं.

उसवायला वेळ नव्हता. वीरधवलनं घरी जाऊन ते चढवलं. हात अंगाला टेकेनात, दोन्ही बाजूंना अधांतरी राहिले. बनुबाईनं दृष्ट काढली आणि कौतुकानं पाठीवर थाप मारली, तर 'धप्प' असा घुमा आवाज आला. "गादी शिवलीस व्हय रं?" तिनं विचारलं. नाथाजी तिरस्कारानं बघत जवळ आले. त्यांनी दोन बोटांनी जाकिटावर टकटक केलं, थांबले, जरा वरच्या बाजूला पुन्हा टकटक केलं. मग आपण रागावलो आहोत हे त्यांना आठवलं आणि ते आत निघून गेले.

रविवारी सकाळी नऊलाच विश्रामबागेत ऊन भाजून काढत होतं. मुहूर्त बारा पस्तीसचा. त्याआधी नवरदेवाचा परण्या निघायचा, म्हणजे घोडीवरून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला आणि तिथून कार्यालयात. घोडी मिरजेची होती, पांढरीशुभ्र आणि वाद्यावर तयार केलेली. वाजतंय तोवर ती ठुमकत चालायची आणि वाजायचं थांबलं की जागच्या जागी उभी राहायची. "बंद पडू देऊ नका," घोडीवाल्यानं आधीच बजावलं होतं. "हिला दुसरं काय समजत न्हाई."

बंद पडायचं कारणच नव्हतं. वीरधवल त्या दिवशी खरोखर चांगला वाजवत होता. ठेक्याला ठेका चिकटत होता, साताऱ्याचे पाव्हणे रुमाल उडवत होते, नवरदेवाची आत्या, जिचे गुडघे म्हणे पाच वर्षं धरलेले होते, ती फुगडी घालत होती. तो ट्रॉलीवर एक हात हवेत धरून उभा होता. दुसरा पर्यायच नव्हता, जाकिटामुळं हात खाली येत नव्हता. घामाच्या धारा आतल्या आत वाहून फोममध्ये मुरत होत्या आणि पाऊल टाकलं की कुठून तरी पचक असा आवाज यायचा. पण तो खूश होता. हीच आपली जागा, असं त्याला मनापासून वाटत होतं. गर्दीत टोपी घालून चालणारे नाथाजी दिसले की तो मुद्दाम बटणं जोरात फिरवायचा.

मारुतीचं दर्शन झालं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आता कार्यालय दोन फर्लांगावर राहिलं होतं आणि वीरधवलला वाटलं, राखून ठेवलेली कला आता दाखवावी. पुण्यात त्यानं त्या माणसाला बोटानं गाणं पुढं-मागं करताना पाहिलं होतं, खर्र खर्र. त्याच्याकडं तबकडी होती, आपल्याकडं कॅसेट आहे, हा फरक वीरधवलला मोठा वाटला नाही. त्यानं चालू टेपचं झाकण उघडलं आणि चाकाला बोट लावलं.

खर्र झालं. एकदाच. मग टेपनं पट्टी खायला सुरुवात केली. त्यानं घाईनं ओढली तर तपकिरी पट्टी भसाभसा बाहेर आली, त्याच्या मनगटाला गुंडाळली आणि दुसऱ्या टेपमध्ये शिरली. दोन्ही टेप गपगार झाले.

घोडी थांबली.

रस्त्याच्या मधोमध अख्खा परण्या थांबला. घोडीवाल्यानं लगाम ओढला, चुचकारलं, गूळ दाखवला. घोडीनं गूळ खाल्ला आणि उभी राहिली. नवरदेवाला उतरून चालत न्या म्हणावं तर साताऱ्याचे पाव्हणे हट्टाला पेटले. आमच्यात घोडीवरनं मांडवात उतरत्यात, चालत कोण जात न्हाई! भटजींचा निरोप आला, पंधरा मिनिटं राहिलीत. लालासाहेब ट्रॉलीखाली येऊन ओरडले, "आरं डीजे, काय तर वाजीव! तोंडानं वाजीव!"

"काट्यावरची खुर्ची तुजीच गड्या," अर्जुना स्टेअरिंगवरून हळहळला.

वीरधवलचे डोळे भरून आले. तो पट्टी सोडवायला गेला, माइक आडवा येत होता म्हणून त्यानं तो जाकिटात खुपसला. उकाड्यानं जीव जायची वेळ आली, म्हणून जाकीट काढायला गेला तर चेन अडकली. तीही सीटकव्हरचीच होती. अखेर सगळ्याचा संताप येऊन त्यानं स्वतःच्या छातीवर जोरात बुक्की मारली.

धप्प!

चारी स्पीकरमधून असा काही आवाज घुमला की समोरच्या बंगल्याच्या काचा हलल्या. घोडीनं कान टवकारले आणि एक पाय उचलला.

वीरधवलनं घोडीकडं पाहिलं. पुन्हा बुक्की मारली. धप्प! दुसरा पाय. मग तो सुटलाच. धप्प धप्प, धप्प धप्प. घोडी चार पावलं चालली आणि पुन्हा अडखळली, कारण फोममुळं त्याचे हात वाकत नव्हते आणि ताल लंगडत होता. दोन बरोबर पडायचे, तिसरा उशिरा, चौथा पडायचाच नाही. घोडी पाय उचलून तसाच धरून वाट बघायची. वर नवरदेव डुगडुगत होता.

गर्दीत नाथाजींचा चेहरा वाकडा झाला. मुलाची फजिती त्यांनी सहन केली असती, पण चुकलेला चौथा ठोका त्यांना सहन होईना. त्यांनी धोतर खोचलं, चाकावर पाय ठेवला आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ट्रॉलीत उडी मारली. कोपऱ्यात सीझनची वाळकी उसाची कांडकी पडली होती, त्यातली दोन त्यांनी उचलली.

"वळ," ते म्हणाले. "पाठ कर."

लहानपणापासून हे दोन शब्द ऐकले की पुढं काय होतं ते वीरधवलला माहीत होतं. त्यानं डोळे मिटून पाठ केली. नाथाजींनी माइक मागच्या कॉलरीतून आत सारला, कांडकी बोटांत तोलली, आणि मग चारी स्पीकरमधून पलटण निघाली.

टरर्रम धप्प, टरर्रम धप्प! सतरा वर्षांचा हात होता तो आणि बारा वर्षांची भूक. वरच्या चौकोनावर बारीक, खालच्यावर खर्जातला, पायपिंगवर नुसता कडकडाट. घोडी ठुमकायला लागली. फौजी नवरदेव घोडीवरच ताठ झाला आणि मागची सगळी माणसं नकळत डावा-उजवा करत चालू लागली. लांबून बघणाऱ्यांना मात्र भलतंच दिसत होतं. "आवं, मारू नगा पोराला, लग्नाच्या दिवशी!" एक म्हातारी कळवळून ओरडली. "मारू द्या की," दुसरा म्हणाला, "सकाळधरनं कान फाटल्यात."

वीरधवल पुढं वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. प्रत्येक ठोका पाठीतून पोटात उतरत होता. या पाठीवर आबांचा हात आजवर फक्त रागानंच पडला होता. आज पडत होता तो जपून आणि मोजून. मागून आबा हसत होते, मोठ्यानं, आणि तसं हसणं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. त्याला इतकं बरं वाटलं की कारखाना, फेटा, अट, सगळं तो घटकाभर विसरून गेला. बारा तेहतिसाला घोडी मांडवाच्या दारात उभी राहिली.

अक्षता पडल्या. पंगतीआधी मानाचे फेटे बांधायला सुरुवात झाली आणि माइकवरून नावं येऊ लागली. मामा झाले, चेअरमन झाले, साताऱ्याचे व्याही झाले. वीरधवल खांबाला टेकून उभा होता. मग लालासाहेबांनी स्वतः माइक घेतला. "ज्यांनी आज आपली वेळ राखली, घोडी चालवली, ते कुंडलचे मानकरी कलाकार..." वीरधवल एक पाऊल पुढं सरकला. "...हवालदार नाथाजी, यांनी फेटा बांधून घ्यायला पुढं यावं!"

टाळ्या कडकडल्या. वीरधवलनंही वाजवल्या, तेवढ्यासाठी हात जेमतेम जवळ आले. वडिलांच्या डोक्यावर गुलाबी फेटा चढताना बघून त्याला आनंद झाला आणि रडूही आलं. वाजवणारे आबा होते. आपण नुसता ड्रम होतो, आणि ड्रमला कोण फेटा बांधतं!

पंगतीत बापलेक शेजारी बसले. नाथाजींनी फेटा सावरत जिलबी मोडली.

"अट काय हुती?" त्यांनी विचारलं.

"माजं नाव पुकारलं पायजे."

"पुकारलं?"

"न्हाई."

नाथाजींनी जिलबी संपवली. पत्रावळीच्या कडेवर त्यांची बोटं टरर्र टप टप करत होती. वीरधवलनं भात कालवला आणि तसाच ठेवला.

"उद्या डबा घिऊन जातो," तो म्हणाला. "किती वाजता हजर व्हायचं?"

"कुटं?"

"काट्यावर."

"काट्यावर जाऊन काय करतूस? साताऱ्याच्या पाव्हण्यांनी पुढल्या रविवारचं लगीन सांगितलंय. दोघांना बोलवलंय." नाथाजींनी हात पुढं करून मुलाच्या पाठीवर चार ठिकाणी ठोकून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "उद्या दादासोकडं जा. डाव्या अंगाला फोम बसलाय, तितं टरर्रचा रोल नीट निघत न्हाई. आजून अर्धा इंच भराय सांग."

वीरधवलनं कालवलेल्या भाताचा घास घेतला.

"आन् काळं हे येकच बास," नाथाजी फेट्याचा तुरा ताठ करत म्हणाले. "मला बी एक शिवाय टाक, लाल. वाजवणारा आदी दिसाय पायजे."