कांग्यावरची ओळ

बी मगेनीने कारंज्याच्या धारेखाली घडा दाणकन ठेवला आणि छिन्नी घेऊन आलेल्या गवंड्याकडे पाठ करून उभी राहिली. कमरेला गुंडाळलेल्या कांग्याच्या, म्हणजे रंगीत सुती वस्त्राच्या, काठावर ठसठशीत छापलं होतं : 'एवढा मोठा घास, घसा केवढा?'

झांझिबारच्या गल्ल्यांत बायका कांग्यावर छापून बोलतात. वाचणाऱ्याने वाचावं आणि गप बसावं. जो चिडला, टोमणा त्यालाच.

कोपऱ्यावरच्या हॉटेलचा मालक हमदून लालबुंद झाला. कारंजं उखडून आपल्या अंगणात बसवायचा त्याने घाट घातला होता. पाटीसुद्धा रंगवून तयार होती : 'सुलतानाने लाडक्या राणीसाठी बांधले.'

"बी, हे मला उद्देशून का?"

"तुला का झोंबलं रे बाबा? मी आपली पाणी भरतेय."

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या.

"परवानगी आहे माझ्याकडे! तिथे पाहुणे फोटो काढतील. इथे काय, गाढवं पाणी पितात!"

"पितातच! त्यांनाही तहान लागते. आणि सुलतान म्हणे! डोंबलाचा सुलतान! माझी पणजी गुलामीतून सुटली, जन्मभर चटया विणल्या आणि हे बांधलं. धन्याच्या विहिरीवर तिला उष्टं पाणी मिळायचं. म्हणून हे भर रस्त्यात आहे, कुणाच्या दाराआड नाही."

तिने कारंज्याच्या काठावर हात टेकला. ओंजळी टेकून टेकून तो दगड साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला होता.

"कारंजं फोडायचं तर आधी मला उचल," ती म्हणाली.

गवंडी जागचा हलेना. तेवढ्यात हमदूनची आई, बी झुवेना, बादली घेऊन सावकाश चालत आली. हमदूनच्या जिवात जीव आला.

"आई, तू तरी समजाव. तुझा शब्द मोडणार नाहीत या."

बी झुवेनाने काळा बुरखा बाजूला सारला. आत तोच कांगा होता. तोच रंग, तीच ओळ.

रांगेतल्या सगळ्या बायका हमदूनकडे वळल्या.

"उभा काय राहिलायस? धर," म्हणत आईने रिकामी बादली त्याच्या हातात दिली आणि दंडाला धरून त्याला रांगेच्या शेवटी नेऊन उभं केलं.