मागची सीट

"सर, पुढे बसा ना. टेस्ट ड्राइव्ह तुमचीच आहे," कीर्ती म्हणाली.

हितेंद्रने मागचं दार उघडलं. "आधी तुम्ही चालवा. मी मागं बसतो."

परळच्या या शोरूममध्ये इलेक्ट्रिक एसयूव्ही बघायला येणारी माणसं बॅटरी किती चालते ते विचारत, चार्जिंग कुठे करायचं ते विचारत, छताची काच उघडून बघत. कडक इस्त्रीचा, लग्नाकार्यातला शर्ट घालून आलेल्या या माणसाने त्यातलं काहीच विचारलं नव्हतं. मागे बसणाऱ्याला धक्के कितपत लागतात, एवढंच त्याला हवं होतं.

गाडी रस्त्याला लागली. कीर्तीने आरशात पाहिलं. तो डाव्या कुशीवर कलून, पाठ सीटला न टेकवता बसला होता. डोळे मिटलेले.

"जरा त्या पेव्हर ब्लॉकवरून घ्या," तो म्हणाला. मग म्हणाला, "आता तो स्पीडब्रेकर. एकदम हळू."

"सर, पाठीचा काही प्रॉब्लेम आहे का तुम्हाला?"

"मला नाही."

हिंदमाता मार्केटातल्या साडीवाल्यांचे गठ्ठे टेम्पोतून पोचवण्यात हितेंद्रची निम्मी जिंदगी गेली होती. गठ्ठ्यांना खड्ड्यांचं काही नसतं. गेल्या वर्षापर्यंत त्यालाही नव्हतं. मग बायकोची, अनुजाची, कंबर दुखायला लागली, कॅन्सर निघाला, तो मणक्यात उतरला, आणि नायगावच्या घरापासून परळच्या हॉस्पिटलपर्यंतचा हा हाकेच्या अंतरावरचा रस्ता संपेनासा झाला. टॅक्सीत ती पदर तोंडात कोंबून बसायची. एकदा अॅम्ब्युलन्स केली, तर आडवं झोपल्यामुळे प्रत्येक खड्डा सरळ कण्यात शिरला. "माका उतरव, मी चलत जातंय," असं ती ओरडत राहिली. तेव्हा तिला धड उभंही राहता येत नव्हतं.

काल डॉक्टर म्हणाले, आता रेडिएशनचा शेक देऊन उपयोग नाही, घरी न्या. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसून हितेंद्र मोबाइल बघत होता. जाहिरातीत ही गाडी पाण्यावरून सरकावी तशी चालली होती. खाली लिहिलं होतं, टेस्ट ड्राइव्ह बुक करा.

हॉस्पिटलचं फाटक आलं तसा तो पुढे वाकला. "मॅडम, जरा बाजूला घ्या." आणि त्याने सगळं सांगून टाकलं. बायकोला या गाडीतून घरी न्यायचं होतं.

कीर्तीने वळून पाहिलं. "म्हणजे गाडी घ्यायचीच नाहीये तुम्हाला?"

"नाही."

"काका, असं नाही चालत. गाडीत ट्रॅकर आहे, रूट सोडला की सरांचा फोन येतो. आणि वाटेत पेशंटला काय झालं तर? माझी नोकरी जाईल."

"बरोबर आहे तुमचं. खोटं बोलून आलो मी." तो उतरला. "तुम्ही जावा. मी टॅक्सी बघतो."

फाटकाच्या आत व्हीलचेअरवर अनुजा होती. उन्हातही अंगावर शाल. चाळीत शेजारी राहणाऱ्या शेवंतीताई तिचं डोकं स्वतःच्या पोटाशी धरून उभ्या होत्या. हितेंद्र टॅक्सीला हात करायला लागला. एक थांबली. टॅक्सीच्या इंजिनाचा आवाज ऐकूनच अनुजाने खुर्चीचे दांडे घट्ट पकडले.

कीर्तीने काच खाली केली. "काका, बसवा त्यांना. लवकर करा, इथे उभं राहिलं की हवालदार येतो."

आता हितेंद्रने स्टिअरिंग घेतलं, कीर्ती त्याच्या शेजारी बसली. मागे शेवंतीताईंच्या खांद्यावर अनुजा कलली होती. सिग्नल दिसला म्हणून त्याने अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडीला आपोआप हिसका बसला आणि मागून किंकाळी आली.

"मी ब्रेक मारलाच नाही!" तो म्हणाला.

"पाय काढला की ही स्वतःच थांबते." कीर्ती घाईघाईने समोरच्या स्क्रीनवर काहीतरी दाबत होती. "कमी केलं मी. हळूहळू पाय उचला आता. सॉरी. मी आधी सांगायला पाहिजे होतं."

पुढे त्याने गाडी माणसाच्या चालीने नेली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या, एक बाइकवाला शिवी देऊन गेला. तरी खड्डे लागायचे ते लागलेच. गाडी जड होती, टायर कडक होते. जाहिरातीतलं पाणी कुठेच नव्हतं.

"काय गो," त्याने आरशात बघत विचारलं, "टॅक्सीपेक्षा बरां?"

अनुजा पुटपुटली, "थोडा."

एवढं सगळं करून, थोडा.

हिंदमाताला लाल सिग्नल लागला. टॅक्सी उभी असली तरी तिची थरथर अनुजाच्या हाडांत चालूच राहायची. इथे काहीच हललं नाही. काचा बंद होत्या. बाहेर साड्यांच्या दुकानांपुढे बायकांची झुंबड होती, पण आवाज आत येत नव्हता.

"बंद पडली?" अनुजाने विचारलं.

"नाय गो. चालू हा."

"मगे हंयच थांब."

सिग्नल हिरवा झाला. हॉर्न सुरू झाले. हितेंद्रने पाय खाली दाबला.

नायगावला चाळीपाशी गाडी उभी केली तेव्हा अनुजाला झोप लागली होती. तोंड किंचित उघडं, कपाळावर एक आठी नाही. शेवंतीताईंनी बोट ओठांवर ठेवलं. "किती रातींनी झोपली बाय," त्या कुजबुजल्या.

कीर्तीचा फोन थरथरला. "सर, ट्रॅफिकमध्ये आहे," ती हळू आवाजात म्हणाली आणि तिने फोन मांडीखाली ठेवला. चौघं तशीच बसून राहिली. पुनर्विकासासाठी पाडलेल्या शेजारच्या इमारतीवर यंत्र आपटत होतं, ते काचेतून फक्त दिसत होतं.

फोन पुन्हा आला. या वेळी कीर्ती बराच वेळ ऐकत राहिली. "नाही सर. हो सर. कस्टमर आहेत ना सोबत... निघालेच."

तिने हितेंद्रकडे पाहिलं नाही. "अजून पाच मिनिटं बसू, काका. मी बघते काय ते."

"नको," हितेंद्र म्हणाला. "तुमचं कशाला खराब करता."

तो उतरला, फिरून मागच्या दाराशी गेला आणि तिथे थोडा वेळ नुसताच उभा राहिला. मग त्याने दार उघडलं. ऊन आणि यंत्राचा आवाज एकदमच आत शिरले.

"अनू. उठ गो. घर इला."

तिने डोळे उघडले. सकाळी जाग यावी तसं तिने त्याच्याकडे पाहिलं, ओळखून हसलीसुद्धा. अजून तिला काही दुखत नव्हतं. तेवढ्यात ते दुखणं आलं. हितेंद्रला ते तिच्या चेहऱ्यावर चढताना दिसलं. त्याने तिच्या गुडघ्यांखाली हात घातला.