भट्टीला आलेली शिंक

मी तळघरातून बोलतेय, थिबोडोंच्या घरची तेलाची भट्टी. वर कोचावर बसून सगळे "काय छान ऊब आहे" म्हणतात ना, ती माझी कमाई. पण खाली येऊन विचारपूस कोण करतो? येतात ते लोणच्याच्या बरण्या ठेवायला.

माझं काम तसं सरळ आहे. वरच्या भिंतीवरची कळ फिरली की माझा पंप टाकीतलं तेल ओढतो. ते गाळणीतून येतं, बारीक तोटीतून त्याचा फवारा उडतो, ठिणगी पडते आणि माझ्या पोटात जाळ होतो. धूर धुराड्यातून बाहेर जातो आणि गरम हवा पंख्याच्या जोरावर खोल्याखोल्यांत. वर्षातून एकदा तोटी आणि गाळणी बदला, पोटातली काजळी काढा, एवढंच माझं मागणं.

तेवढंही दोन वर्षं झालं नाही. का, तर आमच्या अमेरिकेतल्या थंडगार मेन राज्यातल्या बाप्यांची खोड. थंडी सुरू झाल्यावर जो आधी भट्टी पेटवेल तो हरला. माझा मालक लुसियन आणि शेजारचा फर्नांड, दोघेही नोव्हेंबरात घरात कानटोप्या घालून बसतात आणि एकमेकांच्या धुराड्यावर डोळा ठेवतात. भट्टी साफ करणाऱ्या बाईची गाडी दारात दिसली तरी टोमणा ठरलेला, "काय, आत्ताच गारठलास?" म्हणून लुसियन तिला बोलवायचाच नाही. आणि उन्हाळ्यात भट्टीची आठवण कुणाला येते? राग येतो हो मला.

यंदा मात्र लेक तान्ह्या बाळाला घेऊन रविवारी यायची होती. शनिवारी लुसियनची बायको बर्निस पाळण्यात पांढरी दुलई अंथरत म्हणाली, "माझ्या नातवाला थंडी वाजली ना, तर तुला बटाट्याच्या कोठारात झोपवीन."

"तिथं इथल्यापेक्षा ऊब आहे," लुसियन पुटपुटला. "पण फर्नांडनं धूर पाहिला तर?"

"पाहू दे. बाळ मोठं की फर्नांड?"

ती दुकानात गेली आणि लुसियननं हळूच कळ फिरवली. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण तोटी तुंबलेली. जाळ काही होईना, तेव्हा मी नियमाप्रमाणे बंद पडले. लुसियन खाली आला. माझ्या अंगावर एक लाल बटण आहे. ते एकदा दाबायचं, नाही चाललं तर माणूस बोलवायचा. हा पठ्ठ्या दाबतोय, थांबतोय, परत दाबतोय. दर वेळी थोडं तेल पोटात साचत होतं. बाबा रे, पुरे कर, असं मी मनात ओरडत होते.

शेवटी ठिणगीनं ते सगळं तेल एकदम पकडलं आणि मला शिंक आली.

साधीसुधी नव्हे. घरातल्या प्रत्येक झरोक्यातून काजळी उडाली. पडदे काळे, दुलई काळी, लुसियनचे फक्त डोळे पांढरे. आणि धुराड्यातून असा धूर निघाला की गावभर दिसावा.

बर्निस परतली आणि पाळण्याजवळ नुसती उभी राहिली. रडू आलं तिला. तेवढ्यात फर्नांड हसत हसत दारात हजर. "हरलास, लुसियन. मी अजून कानटोपीतच आहे बघ."

बर्निसनं डोळे पुसले, त्याच्याजवळ गेली आणि त्याची कानटोपी उपटून काढली. तोंड धुतलेलं, पण टोपीखाली दोन्ही कान कोळशासारखे काळे.

"हे काय रे?" तिनं विचारलं.

फर्नांडनं हातांनी कान झाकले. "आमची सकाळीच शिंकली."

मग बर्निसनं फोन केला. साफसफाईवाली बाई आली, तिनं दोन्ही घरच्या भट्ट्यांची पोटं रिकामी केली, नव्या तोट्या बसवल्या आणि दोन्ही बाप्यांना लाल बटण एकदाच दाबायची शपथ घातली. बर्निसनं त्यांच्या हातात फडकी दिली. रात्रभर दोघे मिळून भिंती पुसत बसले, एकमेकांना शिव्या घालत.

रविवारी बाळ आलं. दुलईचे डाग काही निघाले नव्हते, म्हणून बाळ आजोबांच्या छातीवरच झोपलं. लुसियननं कानटोपी काढून खुंटीला लावली. मी खालून मंद मंद ऊब सोडत होते. त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

आता पैज बदललीय. आधी कोण भट्टी साफ करून घेतो, ते बघायचं. परवा ऐन जुलैत त्या बाईची गाडी वळणावर दिसली, तर दोघेही घरच्या चपलांनिशी रस्त्यावर आडवे उभे. बाई बिचारी गाडीतून उतरायला तयार होईना. उतरव रे तिला, लुसियन. माझ्या नाकात आत्ताच हुळहुळायला लागलंय.