द्वारकाबाईचा हात

अर्जाच्या शेवटी एक प्रश्न छापलेला होता : 'आपण या कामास योग्य आहात असे आपणांस का वाटते? दोन ओळींत लिहावे.' बाकीचा अर्ज मी एका बैठकीत भरला. नाव प्रेमला, वय बावीस, शिक्षण मॅट्रिक, राहणार जालना. त्या दोन ओळी मात्र तीन आठवडे कोऱ्याच होत्या, आणि सोमवारी अर्ज द्यायचा होता.

काम कसलं, तर प्रसिद्धीचं. सन अठ्ठावन्न. खेड्यापाड्यांसाठी रोज नव्या योजना निघत होत्या, आणि त्या लोकांच्या गळी उतरवायला गट कचेरीत माणसं घेत होते. 'जनसंपर्क' हा शब्द तेव्हा इतका नवा होता, की आमच्या शेजारणीला वाटलं मला पोस्टात नोकरी लागली. तीन महिने उमेदवारी, मंग हा अर्ज देऊन कायम. नाहीच जमलं तर भोकरदनला मुलींच्या शाळेत जागा होती. बाबांनी ती आधीच बोलून ठेवली होती.

बाबा म्हणजे मुकुंदराव, कोर्टात कारकून. त्यांचं मत अगदी स्पष्ट. "प्रेमला, राग तुझ्या नाकावर. प्रचार म्हणजे गोड बोलणं. ते तुझ्या बापाला जमलं नाही, तुला काय जमणार?" मला एवढा संताप आला की मी ताटावरून उठले. दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं, की आपण त्यांचंच म्हणणं खरं करून दाखवलं. मुकाट्यानं परत येऊन जेवले.

खरं सांगायचं तर भीती मलाही तीच होती. काम आवडत होतं हो! गावोगाव हिंडायचं, बायांच्यात बसायचं, कुणाच्या ओसरीवर शेंगा फोडत गप्पा मारायच्या. फळ्यापुढं उभं राहून पाढे म्हणवून घेण्यापेक्षा हजारपट बरं. पण जमत कुठं होतं? आमचे साहेब नरहरपंत, त्यांचा चेहराच हसरा. कुणी तोंडावर शिवी दिली तरी "वा, मुद्द्याचं बोललात" म्हणायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "प्रेमलाबाई, लोकांपुढं 'नाही' हा शब्द काढायचाच नाही." आणि मी? एका गावात सभा चालू असताना पुढच्या रांगेत पाटील घोरत होते, त्यांना मी म्हणलं, "झोपायचं तर घरी जा." ते मिटवायला साहेबांना पाटलांकडं दोनदा चहाला जावं लागलं.

तर वडीगोद्रीचं प्रात्यक्षिक ही माझी शेवटची परीक्षा. बिनधुराची चूल दाखवायची होती. वरून नकाशा आला होता, त्याबरहुकूम आठ दिवसांपूर्वी आम्ही द्वारकाबाईच्या घरी चूल घालून दिली होती : लाकडं सारायला पुढं लहानसं तोंड सोडून चारी बाजूंनी बंद, वर दोन भांड्यांची जागा, मागं छपरातून बाहेर काढलेलं धुराडं. शनिवारी सगळ्या गावाला बोलावून तिच्यावर चहा करायचा, धूर नाही हे दाखवायचं, टाळ्या, फोटो, झालं. "बिलकुल सोपं आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही फक्त हसत उभ्या राहा."

मी शुक्रवारी दुपारीच तिथं गेले. द्वारकाबाई तिशीतली, काटक, कमी बोलणारी बाई. तिनं मला पाट दिला, वांग्याचं भरीत वाढलं, आणि भाकर वाढताना तिचा हात घुटमळला. भाकर चपटी होती. जाड, पांढरट, कुठं पापुद्रा सुटलेला नाही.

"खा बाई, गोड मानून घ्या," ती खाली बघत म्हणाली. "हात बिघडला माझा. आठ दिस झाले, एक भाकर फुगून न्हाई राह्यली."

"आता गं बया! असा कसा हात बिघडतो?"

"म्या लेकरू व्हते तवापासून थापते. माझी भाकर बघाया बाया येत व्हत्या." तिनं पदरानं डोळे टिपले. "आत्याबाई म्हन्त्यात, सुनेच्या हाताची बरकत गेली."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, सोनूबाई. ती ओसरीवरून आतलं सगळं ऐकत बसली होती.

मी ताट बाजूला सारलं. द्वारकाबाई पुढची भाकर थापायला बसली, तशी मी तिच्या शेजारी फतकल मारली. पीठ बारीक, पाणी गरम, मळणं झकास. काठवटीवर भाकर अशी गरागरा फिरत गेली की मी बघतच राहिले. तव्यावर पडली, पाणी लावलं, उलटली. मंग ती थांबली. नेहमीच्या चुलीला पुढं उघडं तोंड असतं. तिथं आर, म्हणजे लाल निखारा, ओढायचा आणि त्याला भाकर उभी टेकवायची, की ती टम्म फुगते. ह्या चुलीच्या तोंडाला नकाशाप्रमाणं चार बोटं उंच काठ होता. आर बाहेर ओढायचा कुठून? बिचारी तव्यावरच फडक्यानं दाबदाबून शेकत होती.

नकाशा काढणाऱ्यानं उभ्या जन्मात ज्वारीची भाकर केली नव्हती. आणि आठ दिवस ही बाई स्वतःच्या हाताला दोष देत बसली होती. साहेबांच्या आधी सरकारी चुलीला नावं कशी ठेवायची, म्हणून मी तिला काही सांगितलं नाही; पण हा निरोप साहेबांना द्यायलाच हवा होता. शनिवारी सकाळी ते जीपमधून उतरल्या उतरल्या मी त्यांना गाठलं आणि भाकरीचं सांगितलं.

"चहा उकळतो ना?" साहेबांनी विचारलं.

"उकळतो, पण–"

"मंग भाकरीचा विषयच काढायचा नाही. नंतर बघू." आणि ते हसत लोकांकडं वळले.

चहा उकळला. धूर नाही. टाळ्या पडल्या. जालन्याहून आलेला फोटोग्राफर कॅमेरा लावून तयार. सगळं बराबर चाललं होतं. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाली, "चहाचं ठीक हाय. भाकर कशी व्हती हिच्यावर?"

साहेबांनी तोंड उघडायच्या आत सोनूबाई उठली. "चूल लई झ्याक हाय! डोळ्यांची आग थांबली माझ्या. पर आमच्या सुनेचाच हात बिघडला, तिला काय करता? आठ दिस चामडं खाऊन राह्यलो आमी."

बाया खो खो हसल्या. साहेबही हसले, चुलीवर डाग आला नाही म्हणून त्यांना हायसं वाटलं. मी द्वारकाबाईकडं बघितलं. ती चुलीपाशी बसली होती, हातात चहाचं भांडं, आणि मान इतकी खाली की चेहरा दिसेना. साठ बायांच्या देखत. ज्या बायका तिची भाकर बघायला यायच्या, त्यांच्याच देखत.

साहेब माझ्याकडं बघून डोळ्यांनी सांगत होते : हसा. मला ते कळत होतं. सोमवारचा अर्ज कळत होता, भोकरदनचा फळा डोळ्यांपुढं दिसत होता. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच.

"हात न्हाई बिघडला तिचा!" मी ओरडले. आमच्या घरची शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली. "चूल बिघडलीय! आर काढायला जागा न्हाई हिला. इथं तुमच्यापैकी कुणीबी भाकर टाकून दाखवा, फुगली तर मी नाव बदलून घेईन!"

साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. मला वाटलं, संपलं. चला प्रेमलाबाई, पाढे म्हणा.

द्वारकाबाईनं मान वर केली. ती माझ्याकडं बघत राहिली, मंग चुलीकडं बघितलं. वाकून त्या काठावर बोटं ठेवली आणि मोजली. चार. "आगं माय," ती हळूच म्हणाली. मंग उठली, वळचणीचं खुरपं घेतलं, आणि सरकारी चुलीच्या तोंडावर दाणकन हाणलं.

"अहो बाई! अहो!" साहेब धावले. पण तोवर चार बाया पुढं झाल्या होत्या. "इकडून काढ." "मधोमध न्हाई, डावीकडं सरक." "खालती माती लाव, आर ठेवाया वटा पायजे." कुणी माती भिजवली, कुणी काठवट पुढं ओढली. आमच्या तीन महिन्यांच्या भाषणांत एवढी चर्चा कधी झाली नव्हती. जाळ पुन्हा पेटला. धूर धुराड्यातूनच गेला, थोडासा पुढून आला, कुणी मनावर घेतला नाही. द्वारकाबाईनं भाकर थापली, शेकली, आर ओढला, भाकर टेकवली. साठ बायांनी श्वास रोखला. मीसुद्धा.

भाकर फुगली. अशी फुगली, की फोटोग्राफरनं न विचारता फोटो काढला.

"बघा आत्याबाई!" द्वारकाबाई म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली. सोनूबाई पुढं झाली. मंग तिनं ती भाकर मोडली, पहिला तुकडा सुनेच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "म्या कवा म्हन्ले व्हते चूल झ्याक हाय म्हनून?" त्यावर असा हशा पिकला की विचारू नका. निघेपर्यंत एकवीस बायांनी नावं दिली : अशी चूल आमच्याकडं घाला, पण तोंड द्वारकाबाईला विचारून.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये साहेब पहिल्यांदाच हसत नव्हते. अंबड मागं पडल्यावर म्हणाले, "तुम्ही ओरडलात."

"हो."

"सभेत."

"हो."

"मी गेली सहा वर्षं गोड बोलून राह्यलो, प्रेमलाबाई. एका गावात एकवीस नावं मला कधी मिळाली नाहीत." ते पुढं म्हणाले, "नकाशा चुकलाय म्हणून वर लिहावं लागेल. मला ते लिहिता येणार नाही, माझी लेखणी फार गोड आहे. तुम्ही लिहा, मी सही करतो."

घरी आले तेव्हा बाबा जेवायला बसले होते. द्वारकाबाईनं फडक्यात बांधून दिलेली भाकर मी त्यांच्या ताटात ठेवली. त्यांनी पापुद्रा उचलला, आत मीठतेल लावलं, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"कुणाच्या हातची गं?"

मी पेटीतून अर्ज काढला, त्यांच्या शेजारीच पाटावर बसले आणि त्या दोन कोऱ्या ओळींत लिहिलं :

'वडीगोद्रीच्या द्वारकाबाईंचा हात बिघडलेला नाही.
हे मी साठ बायांदेखत सांगितले.'

बाबांनी उष्ट्या हातानं कागद न धरता, वाकून वाचलं. "हे काय उत्तर झालं?"

"हेच उत्तर आहे."

त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. मंग उरलेली भाकर माझ्याकडं सरकवली. "भोकरदनला मी उद्या नाही म्हणून कळवतो," ते म्हणाले. "तू आधी जेव. राग करून उठू नकोस."